काशीत आईनं काय सोडलं

काशीला निघायच्या आधीच माझं काशीवरचं पत्रक निम्मं लिहून झालं होतं. मथळा ठरला होता, ‘पुण्याचा बाजार’. त्याखाली पंड्यांची लूट, नदीची घाण, विधवांचे हाल अशी कलमं पाडून मध्ये जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. तिथं जाऊन डोळ्यांनी पाहायचं, जागा भरायच्या आणि परत आल्यावर आठवडी बाजारात वाटायचं, एवढाच माझा बेत. आणीबाणी उठल्यानंतरचा तो पहिला हिवाळा होता. हिंगणघाटला आमचा पोरापोरींचा एक गट होता. सायक्लोस्टाईलच्या शाईनं हात काळे करून आम्ही हुंड्यावर, अंगात येण्यावर, पाणवठ्यावरच्या शिवाशिवीवर पत्रकं काढायचो. त्या गटात सगळ्यात फटकळ मी. “हिच्या तोंडापायी हिले नवरा भेटून नाई राह्यला,” असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि मला त्याचा अभिमानच वाटायचा. असल्या मुलीनं श्रद्धेचा अनुभव लिहायला बसावं हे माझ्या तेव्हाच्या सोबत्यांना रुचणार नाही. न रुचो. जे घडलं ते मी जसंच्या तसं सांगणार आहे. त्याला नाव काय द्यायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आमच्या घरात त्या वेळी एकच दुखणं होतं आणि त्याचं नाव घ्यायची बंदी होती. ते नाव कुंदा, माझी धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी तिनं समुद्रपूरच्या एका बौद्ध मास्तराशी कचेरीत जाऊन लग्न केलं होतं. साक्षीदार म्हणून सही माझी. आम्ही अल्लीपूरचे पिढीजात शेतकरी. गावात काय काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. आई रडली नाही, तिनं शिव्या दिल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून तिनं कुंदाचं नाव तोंडातून काढलं नाही आणि अंगणातल्या जामाच्या झाडाचं फळ तोंडात घातलं नाही. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. कुंदा लहानपणापासून त्या झाडावरच वाढली. आई खालून ओरडायची, कुंदा वरून पिकला जाम तिच्या पदरात टाकायची, मग आई मीठ लावून तो तिथंच उभ्यानं खायची. आईला जगात दुसरं फळ ठाऊकच नव्हतं म्हणा ना. आणि आता दोन हिवाळे त्या झाडाचे जाम पोपटांनी खाल्ले, नाहीतर खाली पडून सडले. शेजारणी मागायला आल्या तर आई म्हणायची, “तोडा न् घेऊन जा. मले देऊ नोका.”

अशात कुंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातवा लागला की मुलीला आणायचं, ही आमच्याकडची रीत. एरवी रीतींच्या विरोधात पत्रकं काढणारी मी, पण ह्या एका रीतीसाठी जीव टाकत होते. कारण ती पाळली गेली नाही, तर हे दार कायमचं बंद झालं असं सगळेच समजणार होते. कुंदासुद्धा. बाबांचा गुडघा धरलेला, म्हणून त्यांच्या जागी आईसोबत मी काशीला निघाले होते. निघायच्या दिवशी त्यांनी मला गोठ्यापाशी बोलावलं.

“कुंदीले सातवा लागला. तुई माय एकदा हो म्हणन, तं मी त्याच दिवशी यष्टी धरून तिले आनतो. तिकडं देवापाशी तिचं मन वळते का पाहजो.”

मी म्हणाले, “देवापाशी कशाला, मी वळवते.”

“तू दोन वर्सं झाले वळवून राह्यली,” बाबा म्हणाले आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

बस हिंगणघाटच्या एका टुरिंगवाल्याची होती. आमच्या भागातली भजनी मंडळी मिळून ती अर्धीच भरत होती. तेव्हा तो गडी समुद्रपूरच्या बौद्ध वस्तीत गेला आणि सारनाथही दाखवतो म्हणाला. बसला पाटी लागली, ‘काशी सारनाथ दर्शन’. पुढच्या बाकांवर आम्ही, मागच्या बाकांवर ते. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. ह्या ‘आपोआप’वर मी आयुष्यात चार पत्रकं लिहिली आहेत. समुद्रपूरला पांढऱ्या लुगड्यातली एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई चढली. ती कुंदाची सासू भागाबाई, माझी भागामावशी. आईनं तिला कधी पाहिलं नव्हतं. पण मी उठून तिच्या हातातलं गाठोडं घेतलं, तेव्हा आई समजली. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं ते जबलपूर आलं तरी तसंच.

मुक्कामाला बसच्या दोन बाजूंना दोन चुली पेटायच्या. एक बस, एक ड्रायव्हर, एकच पंक्चर काढायला सगळ्यांचे हात, आणि चुली दोन. माझं डोकं फिरायचं. मी सकाळी ह्या चुलीवर खायची, संध्याकाळी त्या चुलीवर. आई एकदा म्हणाली, “दोन्हीकडं खाऊन तुय पोट बिघडन, क्रांती होनार नाई.”

रीवाच्या पुढं गाडीत काशीला काय सोडायचं याची चर्चा निघाली. काशीला गेलेल्यानं आपल्या आवडीचं एखादं फळ किंवा भाजी तिथं सोडून यायची, म्हणजे जन्मभर पुन्हा खायची नाही, अशी चाल आहे. भजनी मंडळाचे म्होरके नाना मोठ्यानं म्हणाले, “मी तं कारलं सोडतो.” त्यावर त्यांची बायको म्हणाली, “यायनं कारलं जलमात खाल्लं नाई. घरच्याइले फसवून झालं, आता देवाले.” अख्खी बस हसली. एक जण वांगं सोडतो म्हणाला, तर दुसऱ्यानं त्याला बजावलं, “वांगं सोडशीन तं लग्नाच्या पंगतीतून उपाशी येशीन, इचार कर.” तेवढ्यात मागून भागामावशीचा आवाज आला, “आमी बाप्पा सोडाचं ते छप्पन सालीच सोडून बसलो. आता आमच्यापाशी सोडाले काई नाई.” पुढची माणसंही हसली, नाना तर टाळी देऊन. आई हसली नाही. पण तिनं पहिल्यांदाच मान वळवून मागं पाहिलं.

मला वाटलं हीच वेळ. मी तिच्या कानाशी लागले. “आई, तू राग सोड.”

“रागाची भाजी करतेत का वो? सोडाची ते खाची चीज असते. चूप बस.”

काशीत उतरले तेव्हा मी अंग ताठ करूनच उतरले होते. पहिल्या दिवशी घाण दिसली, ती होतीच. पायऱ्यांवर माळ ओढत बसलेल्या विधवा दिसल्या, त्यांच्यापैकी एकीशी मी बोलले, आणि जे ऐकलं त्यानं जो संताप झाला तो आजही तसाच आहे. पण माझ्या कलमांमध्ये न बसणारं इतकं काही त्या गावात होतं की माझी पंचाईत होऊ लागली. सगळी वस्ती, सगळी देवळं, सगळे घाट नदीच्या एकाच काठाला. समोरचा काठ मोकळा. नुसती वाळू, वर धुकं. एवढं जुनं गाव, आणि समोर एक झोपडीसुद्धा का नाही? मी नावाड्याला विचारलं. “उधर कोई नहीं रहता.” का नाही राहत? “बस, नहीं रहता.” त्याला त्यात काही विचारण्यासारखं वाटतच नव्हतं. झेंडूची माळ गळ्यात घातलेली म्हैस पाण्यात उभी होती. ती माळ पूजेची की कुणी गंमत म्हणून घातलेली? घाटावरचा न्हावी, चितेची लाकडं उतरवणारी माणसं, सगळ्यांना मी प्रश्न विचारत सुटले. आमचा पंडा आमच्या माणसांत वावरून मोडकंतोडकं मराठी शिकला होता. तो शेवटी म्हणाला, “बिटिया, इतके सवाल तो यमराज भी नहीं करते.” मला हसू आलं. पत्रकासाठी आलेल्या माणसानं हसायचं नसतं, पण आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस मागच्या मंडळींना घेऊन सारनाथला गेली. आम्ही पुढचे आंघोळीला घाटावर आलो. थंडीनं दात वाजत होते. आई कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, ओंजळीत पाणी घेतलं. पंड्यानं मंत्र म्हटला आणि म्हणाला, “माई, फल का नाम बोलो.” शेजारी नानांनी कारल्याचं नाव असं खणखणीत घेतलं की पलीकडच्या नावेतल्या माणसानं वळून पाहिलं. आईनं तोंड उघडलं, “जा...” आणि ती थांबली. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळत होतं. ते सगळं गळून गेलं तरी ती तशीच उभी. मग म्हणाली, “मंग सांगते.” पंडा वैतागला. मगचं संकल्पात काही चालत नाही म्हणे.

वर आल्यावर मी विचारलं, “थांबली काऊन?”

ओलं लुगडं पिळत ती म्हणाली, “दोन वर्सांपासून जे तोंडात घातलं नाई, तेच इथं सोडू? तं मंग मी न् नाना सारखेच.” पिळून झालेलं लुगडं ती पुन्हा पिळत राहिली. “मायापाशी सोडाले काई नाईच उरलं.”

बसमधलं भागामावशीचं वाक्य आई तिच्याही नकळत बोलून गेली होती.

देवळाकडच्या गल्लीत आम्ही शिरलो तेव्हा मी पुढं होते, तिनं माझ्या पदराचं टोक धरलं होतं. गल्ली एवढी अरुंद की समोरून गाय आली तर माणसानं भिंत व्हायचं. गाय नाही आली, तिरडी आली. चार माणसं पळत यावीत तशी आली, मागं आणखी पंधरावीस. आम्ही सगळे दोन्ही भिंतींना चिकटलो. तिरडी गेली, मागची माणसं गेली, त्यांच्यामागून फुलांच्या टोपल्या गेल्या. मी पदर चाचपला, टोक मोकळं होतं. वळून पाहिलं तर आई नव्हती.

पहिला काही वेळ मी घाबरले नाही, चिडले. मग गल्लीतून मागं गेले, पुढं गेले, प्रत्येक हिरव्या नऊवारीमागं धावले. आईला धर्मशाळेचं नाव ठाऊक नव्हतं, मलाही ते पाटी पाहूनच आठवलं असतं. तिचं हिंदी म्हणजे मराठीला ‘है’ लावायचं. नाना आणि बाकीचे दोघं दोघं होऊन वेगवेगळ्या घाटांवर गेले. पोलीस चौकीत मी वर्णन सांगितलं, तिथला माणूस शांतपणे म्हणाला, “मिल जाएगी, सब मिल जाते हैं.” त्याच्या शांतपणाचा मला इतका राग आला की मी त्याला मराठीत बोलले. भोंग्यावरून नाव पुकारलं. ऊन चढलं, धुकं गेलं, समोरची वाळू पांढरी लख्ख झाली. आई कुठंच नव्हती. नदीकडं पाहायची मला भीती वाटू लागली होती.

शेवटी पाय उचलेनात म्हणून मी पायरीवर बसले. माझ्याजवळ सगळ्या गोष्टींसाठी घोषणा होती, ह्यासाठी नव्हती. बाबांना काय सांगू? कुंदाला काय सांगू, की तुझं नाव न घेताच आई गेली? मी हात जोडले नाहीत. कुणाला जोडायचे तेच ठाऊक नव्हतं. पण मी बोलले, हे खरं आहे. अगदी भांडल्यासारखं, नदीकडं तोंड करून, आमच्या घरच्या बोलीत बोलले, “माह्याच्यानं आता होत नाई. तू कोन असशीन तो अस. तुले जमत असन तं कर.” शेजारी गोवऱ्या थापल्यासारखे कपडे वाळत घालणाऱ्या धोब्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

आकाशातून काही आलं नाही. घंटा वाजली नाही. म्हणजे वाजत होत्याच, त्या गावात त्या कधी थांबत नाहीत. झालं ते एवढंच, की सकाळपासून डोक्यात चाललेला कलकलाट थांबला. आणि त्या शांततेत एक साधी गोष्ट सुचली, जी मला खरं तर आधीच सुचायला हवी होती. बस सारनाथला आहे, ड्रायव्हर तिथं आहे, मागच्या बाकांवरची तरणी पोरं तिथं आहेत. त्यांना आणलं तर शोधायला हात वाढतील. मी उठले, रस्त्यावर आले आणि माणसं कोंबलेल्या एका टेम्पोत चढून सारनाथला गेले.

सारनाथला मी प्रथमच पाऊल ठेवत होते आणि काही पाहायच्या मन:स्थितीत नव्हते, तरी त्या जागेची एक गोष्ट अंगावर आलीच. आवाज नव्हता. काशीच्या गल्ल्यांतून येणाऱ्याला ते एकदम कान बधिर झाल्यासारखं वाटतं. हिरवळ, जुन्या विटांची जोती आणि मध्ये तो थोरला गोल स्तूप, शेतात कुणी अवाढव्य कणगी ठेवावी तसा. आमची मंडळी त्याला फेरी घालत होती, नुसत्या ओठांनी वंदना म्हणत. मी त्यांच्यात भागामावशीला शोधू लागले, कारण वाईट बातमी आधी तिला सांगावी असं का कोण जाणे वाटलं. ती फेरीत नव्हती. मग मला झाडाखाली ती दिसली. विटांच्या एका जोत्याला टेकून पाय पसरून बसली होती आणि मांडीवरच्या फडक्यात विळीच्या पात्यानं काहीतरी चिरत होती. तिच्या शेजारी, तिच्याकडं तोंड करून, हिरव्या नऊवारीत, माझी आई.

मी जिथं होते तिथंच उभी राहिले. भागामावशीनं फोड पुढं केली. आईनं ती घेतली, वरचं जास्तीचं मीठ झटकलं, तोंडात घातली. जाम होता.

मग आईचं माझ्याकडं लक्ष गेलं. “कुठी गेलती वो तू?” ती तिथूनच कडाडली. “आमी सकाळपासून वाट पाहून राह्यलो. तुले काई अक्कल?”

मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती थोडी ओशाळली, भागामावशीला म्हणाली, “बाजारात कशी बोलते, पाह्यलं असन तुमी. घरी अशी हाय.”

आई तिथं कशी पोचली, हे मी त्या दिवसापासून विचारत आले आहे. तिचं सांगणं असं. तिरडीमागच्या गर्दीनं तिला ओढत एका मोठ्या रस्त्यावर नेलं. तिथं ती एका ओट्यावर बसली. कुणी विचारलं तर काही सांगता येईना. एक रिक्षावाला आला, म्हातारासा, गळ्यात गमछा. “कहाँ जाना है, माई?” आई म्हणाली, “मले माह्या लोकाइपाशी ने है.” त्यानं तिला वरून खालपर्यंत पाहिलं, म्हणाला, “बैठो.” आणि चालवत चालवत सरळ सारनाथच्या दारात आणून सोडलं. “तुमच्या लोकाइपाशी असं त्यानं हात करून दाखवलं,” आई म्हणते, “न् पाह्यतो तं ईनबाई उभी.” आमच्याकडे विहिणीला ईन म्हणतात.

“तू सारनाथ म्हटलं असशील. सकाळी बसवाला ओरडत होता, ते कानात राहिलं असेल.”

“मले ते नाव येत तरी होतं का?”

“मग त्यानं सकाळी आपली बस पाहिली असेल. नऊवारीतल्या बाया तिकडं उतरताना पाहिल्या असतील. तुझं लुगडं पाहून ओळखलं असेल.”

“असन,” आई म्हणाली. तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

“पैसे घेतले का त्यानं?”

“घेतले की. फुकटात कोन नेते एवढं लांब? घासाघीस केली मी.”

“मग देव नव्हता तो.”

“देवाले पोट नाई का?” आई म्हणाली आणि विषय संपवला.

मी त्या माणसाला शोधलं. दुसऱ्या दिवशी रिक्षांच्या प्रत्येक अड्ड्यावर गेले. त्या गावात सगळेच रिक्षावाले म्हातारेसे होते आणि सगळ्यांच्याच गळ्यात गमछा होता.

त्या झाडाखाली दोघींत काय झालं ते आईनं कधी सांगितलं नाही. भागामावशीनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही पुढं पुष्कळ दिवसांनी. “थरथर कापून राह्यली होती. मी पानी देल्लं. मले वाटलं घेते का नाई. तं गटागटा पेली. मी तिथं काई मांगाले नव्हती गेलती, आमच्यात मांगत नाई, निस्ती बसाले गेलती. तं बसलो दोघी. मंग येकदम म्हणते, कुंदी कशी हाय? मी म्हटलं, बरी हाय, पन जाम मांगते. दुसरं काई खाऊ नाई वाटत तिले, निस्ते जाम मांगते. म्हून इथं फाटकापाशी घेतले, सूनबाईले नेतो म्हटलं. तुई माय फडक्यातले जाम हातात घेऊन पाहत राह्यली. मंग म्हणे, इथले काय नेता, ईनबाई. झाड घरी हाय.”

एवढंच. दोन वर्षं मी युक्तिवाद केले होते. समतेवर, कायद्यावर, माणुसकीवर, सगळे बरोबर होते आणि आजही बरोबर आहेत. त्यातला एकही तिच्या कामी आला नाही. कामी आला एक रस्ता चुकणं, एक अनोळखी माणूस, आणि तहान लागलेल्या बाईला दुसऱ्या बाईनं दिलेलं पाणी.

निघायच्या सकाळी आई पुन्हा घाटावर गेली. ह्या वेळी भागामावशी सोबत आली होती. तिनं आंघोळ केली नाही, पायरीवर आईचं कोरडं लुगडं धरून उभी राहिली. पाण्यात उतरण्याआधी आईनं मला बाजूला घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा धर्मातली गोष्ट मला विचारली.

“तू एवढं वाचते. सांग मले, इथं येऊन लोक सोडतेत. मी तं सोडलेलं परत घेतलं. चालते का तसं काशीत?”

मी म्हणाले, “चालते, आई.”

ती पाण्यात गेली, ओंजळ भरली. पंड्यानं विचारलं. तिचे ओठ हलले, पाणी तिनं नदीत सोडलं, आणि पंड्यानं समाधानानं मान हलवली. मला ऐकू आलं नाही.

परतीच्या वाटेवर चुली दोनच पेटल्या. एका फेरीत चमत्कार इतके होत नाहीत, आणि झाले असं मी लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. फक्त आमच्या चुलीवरची भाकर झाली की आई पदराखाली दोन झाकून मागं न्यायची, आणि येताना तिकडचा ठेचा घेऊन यायची. नाना पाहायचे आणि न पाहिल्यासारखं करायचे. शेवटी त्यांनीच एकदा विचारलं, “ठेचा उरला का वो त्यायचा?”

परत येताना समुद्रपूर आधी लागतं. मागची मंडळी उतरू लागली, सामान खाली गेलं. भागामावशी दारातून वळून आम्हाला “येतो” म्हणाली. तेव्हा आई उठली. आपलं गाठोडं काखेत मारलं आणि कुणाला काही न सांगता खाली उतरली. टुरिंगवाला ओरडला, “ओ बाई, अल्लीपूर नाई आलं.” आई म्हणाली, “मले ठाऊक हाय. तू जा.” मी मागून धावत उतरले.

कुंदा घराच्या दारात उभी होती, एक हात चौकटीवर, एक पोटावर. सासूची वाट पाहत होती. सासूच्या मागं आईला पाहून ती तिथंच खिळली. मला वाटलं आता कुणीतरी रडेल, कुणीतरी पाया पडेल. आईनं तिला नीट पाहिलं, पायांवरची सूज पाहिली, आणि म्हणाली, “चाल. पोपट सगळे जाम खाऊन राह्यले.”

कुंदाची मुलगी आमच्या घरी झाली. आता ती त्याच झाडावर चढते, खाली उतर म्हणून आई तशीच ओरडते, आणि तशीच पदर पसरून उभी राहते. ते पत्रक मी काढलं. विधवांचं कलम शब्द न बदलता छापलं, कारण ते खरं होतं. ‘पुण्याचा बाजार’ हा मथळा मात्र खोडला, आणि काही मोकळ्या जागा मोकळ्याच ठेवल्या. त्यात काय भरायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आईनं काशीत काय सोडलं, हे शोधायला मी वर्षभर तिच्या ताटावर डोळा ठेवला. वांगं खाते. कारलं खाते. बोरं, सीताफळ, जाम, सगळं खाते. विचारलं तर म्हणते, “सांगितलं तं सुटत नसते.” मी अजून पत्रकं वाटते, अजून भांडते, आणि भांडून जिथं माझं चालत नाही तिथं त्या पायरीवरचं वाक्य पुन्हा म्हणते. कुणाला म्हणते ते ठाऊक नाही. जो कुणी ऐकत असेल, त्यानं एकदा माझं ऐकलं. गळ्यात गमछा असलेल्या त्या माणसानं भाडं चोख घेतलं होतं, तरी त्याचं देणं माझ्याकडून फिटत नाही. ते न फिटलेलंच बरं वाटतं.